किम नोव्हाक यांनी हॉलिवूड का सोडले?

प्रश्न : १९५८ च्या ‘व्हर्टिगो’ चित्रपटातील दुहेरी भूमिकेमुळे अजरामर झालेल्या अभिनेत्री किम नोव्हाक ऐन भरात असताना पडद्यापासून दूर का गेल्या असाव्यात?

प्रतिसाद १ : मुळात हॉलिवूडची स्टुडिओ-व्यवस्था त्यांना कधी मानवलीच नाही. १९३३ साली शिकागोत जन्मलेल्या मॅरिलिन नोव्हाक यांना कोलंबिया स्टुडिओने करारबद्ध केले, तेव्हा स्टुडिओचे प्रमुख हॅरी कोन यांना त्यांचे संपूर्ण नावच बदलायचे होते. नोव्हाक यांनी मॅरिलिन हे पहिले नाव सोडून किम हे नाव घेतले, परंतु आडनाव सोडण्यास ठाम नकार दिला. पुढे अपुऱ्या मानधनावरून त्यांनी काम थांबवले, तेव्हा स्टुडिओने त्यांना निलंबित केले. ‘व्हर्टिगो’तही एका पुरुषाच्या हट्टाखातर स्वतःचे रूप बदलणारी स्त्री त्यांनी साकारली आणि माझ्या मते त्या अभिनयातील अस्वस्थता उसनी नव्हती.

प्रतिसाद २ : सहमत आहे, मात्र त्यांनी एकदम संन्यास घेतला नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कामे विरळ होत गेली आणि १९९१ चा ‘लीबेस्ट्राऊम’ हा त्यांचा अखेरचा कथापट ठरला.

प्रतिसाद ३ : त्यानंतर ओरेगॉनमध्ये त्या चित्रकलेत रमल्या. २००० साली तेथील घराला लागलेल्या आगीत त्यांच्या आत्मचरित्राचा मसुदा जळाला, ही चित्रपट-इतिहासाचीही हानीच म्हणायची. २०२५ मध्ये व्हेनिस महोत्सवाने त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह पुरस्कार प्रदान केला.