फ्रंट-एंड: पदवीपेक्षा कार्यशाळेत शिकवण्याचा विषय?

उभाआडवा

शाळा संपवून बाहेर पडणाऱ्याला 'वेबसाइट बनवायला शिकायचंय' म्हटलं की सध्या दोन वाटा दाखवल्या जातात. एक म्हणजे तीन-चार वर्षांची पदवी, जिच्यात वेब हा एखाद्या सत्रापुरता विषय असतो. दुसरी म्हणजे तीन महिन्यांचा क्लास, जिथे पहिल्या आठवड्यात एचटीएमएल (पानाची रचना) आणि सीएसएस (पानाचं दिसणं) 'उरकतात' आणि लगेच तयार सांगाडा पुरवणारं रिअ‍ॅक्ट सुरू होतं. पहिल्या वाटेने आलेल्याला बायनरी ट्री उलटवता येतं, पण फॉर्ममधलं लेबल इनपुटला जोडायचं असतं हे माहीत नसतं. दुसऱ्याने टू-डू लिस्ट केलेली असते. ती सगळ्यांनीच केलेली असते.

माझं मत असं की फ्रंट-एंड, म्हणजे संकेतस्थळाचा ब्राउझरमध्ये दिसणारा भाग बनवणं, हा वायरमन, फिटर यांच्या रांगेत बसणारा विषय आहे. दोन वर्षं, निम्म्याहून जास्त वेळ कार्यशाळेत, शेवटचे सहा महिने एखाद्या अनुभवी माणसाच्या हाताखाली खऱ्या कामावर, आणि पहिल्या वर्षात एकही फ्रेमवर्क (असा तयार सांगाडा) नाही.

कारण हे काम हाताने शिकण्याचं आहे. एक नेहमीचा घोळ घ्या. पॉपअप मागे जातोय, म्हणून शिकाऊ माणूस झेड-इंडेक्स (कोणता थर वर ते ठरवणारा आकडा) ९९९ करतो, मग ९९९९, मग ९९९९९. काही फरक पडत नाही. वरच्या कुठल्यातरी डबीला ट्रान्सफॉर्म (हलवायची-फिरवायची सूचना) लावलेलं असतं, त्यामुळे तिच्या आतला थरांचा हिशेब बाहेरच्यापासून वेगळा पडलेला असतो. आतला आकडा कितीही वाढवा, बाहेरच्याशी त्याची तुलनाच होत नाही. हे पुस्तकात एका परिच्छेदात लिहिलेलं असतं, पण डेव्हटूल्स (ब्राउझरमधली तपासणीची साधनं) उघडून एकेक पूर्वज तपासत वर जायची सवय वाचून लागत नाही. शेजारी कोणीतरी बसून 'आकडा वाढवू नकोस, आधी आईबाप बघ' असं म्हणावं लागतं.

'यात रोज सगळं बदलतं' हे वाक्य येणारच, म्हणून आधीच सांगतो. १९९१ साली सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत सुरू झालेल्या पहिल्या संकेतस्थळाची १९९२ची प्रत आजच्या ब्राउझरमध्ये विनातक्रार उघडते. पाया इतका टिकाऊ असलेली क्षेत्रं संगणकाच्या जगात फार नाहीत.

---

तिरकस

साफ असहमत.

पहिलं संकेतस्थळ उघडतं, कारण त्यात मजकूर आणि दुवे सोडून काही नाही. ते उघडता येण्याबद्दल कोणी पगार देत नाही. पगार ज्याचा मिळतो ते बदलतंच. अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क २०१० मध्ये आलं, २०१६ मध्ये त्याच लोकांनी अँग्युलर २ म्हणून सगळं नव्याने लिहिलं, जुन्याशी न जुळणारं, आणि २०२१ अखेर जुन्याचा आधार संपला. रिअ‍ॅक्टमध्ये २०१९ ला हुक्स आले आणि त्याआधी शिकवलेली लिहिण्याची पद्धत बघता बघता 'जुना कोड' झाली. फ्लॅशचे, म्हणजे वेबवर हलती चित्रं करायच्या साधनाचे, तर अख्खे अभ्यासक्रम होते, प्रमाणपत्रांसकट. ३१ डिसेंबर २०२० ला दुकान बंद.

आता यात अभ्यासक्रम समिती आणा. मसुदा, मंजुरी, पुस्तक छापणं, शिक्षकांचं प्रशिक्षण. सीएसएस ग्रिड, म्हणजे रकान्यांच्या मांडणीची सोय, २०१७च्या मार्चमध्ये प्रमुख ब्राउझरांत आलं. फ्लोटच्या जुन्या युक्तीने तीन रकाने कसे करायचे हे त्यानंतरही वर्षानुवर्षं शिकवलं जात होतं.

आणि ज्या विषयाला तुम्ही बगल दिलीत तो वेगळाच. डिझाइन समोर ठेवून त्याचं पान बनवणं हे नवख्याचं पहिलं काम होतं. ते आता यंत्राला सांगितलं की मिनिटभरात कच्चं तयार होतं. अठराव्या वर्षी एखाद्याला दोन वर्षं या एकाच कामाला जुंपायचं, तेही हे काम आक्रसत असताना? वायरमनचं काम चॅटबॉट करत नाही.

---

उभाआडवा

फ्लॅश एका कंपनीचं उत्पादन होतं. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट ही कोणा एकाच्या मालकीची नसलेली मानकं आहेत. हुक्स येऊन जातील, पण क्लिक झाल्यावर ती घटना आतल्या घटकापासून वर कशी चढत जाते हे बदललेलं नाही. पहिल्या वर्षात फ्रेमवर्क नको म्हणालो ते यासाठीच. समितीचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही.

---

कानसेन

मी स्क्रीन रीडर वापरते, म्हणजे पान ऐकते. तेव्हा या चर्चेतल्या 'पगार कशाचा मिळतो' या भागावर माझं थोडं ऐकून घ्या.

खरेदीच्या एखाद्या पानावर मी टॅब दाबत जाते तेव्हा काय ऐकू येतं? 'बटन. बटन. बटन. दुवा, चित्र. बटन.' चिन्हं काढली, नावं दिली नाहीत. त्याहून वाईट म्हणजे जिथे 'बटन'ही ऐकू येत नाही, कारण कोणीतरी डिव्हला (साध्या डबीला) रंग देऊन त्यावर क्लिक लावलंय. टॅब तिथे थांबतच नाही. तुमच्यासाठी ते बटन आहे, माझ्यासाठी ते पानावर नाहीच. खरं बटन टाकलं असतं तर टॅब, एंटर, स्पेसबार हे सगळं ब्राउझरने फुकटात दिलं असतं. म्हणजे चुकीचं करायला जास्त कोड लिहिलाय!

वेबएम नावाची संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं तपासते. २०२५ मध्ये सुमारे ९५ टक्के पानांवर यंत्रालाही सापडतील असे दोष निघाले. सगळ्यात जास्त आढळलेला दोष म्हणजे मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत पुरेसा फरक नसणं. नियम लपवून ठेवलेले नाहीत. साध्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५ला १ हवं, आणि तपासायला डेव्हटूल्समध्ये एक क्लिक पुरतं. ऑक्टोबर २०२३च्या डब्ल्यूसीएजी २.२ या, अपंगांनाही पान वापरता यावं म्हणून केलेल्या नियमावलीत तर बोटाने दाबायच्या जागेचा किमान आकारही दिलाय, २४ बाय २४ पिक्सेल. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून ऑनलाइन खरेदी, बँकिंग अशा सेवांना सुगम असणं कायद्याने बंधनकारक झालंय.

वायरमनला अर्थिंग ऐच्छिक विषय म्हणून शिकवत नाहीत. इथे अ‍ॅक्सेसिबिलिटी (सुगमता) हा शेवटच्या प्रकरणातला, वेळ उरला तर घ्यायचा विषय असतो. धागाकर्त्याच्या प्रस्तावाला माझा पाठिंबा एवढ्याच कारणासाठी की परवान्याचं काम मानलं तर निदान नियम तरी आधी शिकवतील.

---

मुळाक्षर

कानसेन यांचा मुद्दा मान्य, पण त्यातून पदवी नको हे कसं निघतं? दहा हजार ओळींची यादी स्क्रोल करताना अडखळते तेव्हा कारण शोधायला डेटा स्ट्रक्चर (माहिती साठवायची रचना) लागतं. तेच पान दुसऱ्यांदा उघडताना जुनंच दिसतं तेव्हा एचटीटीपी कॅशिंग (ब्राउझरने आधीची प्रत साठवून ठेवणं) लागतं. वापरकर्त्याने लिहिलेला अभिप्राय इनरएचटीएमएलने, म्हणजे कोड मानून, पानात टाकला की कोणीतरी इमेज टॅगच्या ऑनएररमध्ये (चित्र उघडलं नाही तर चालणाऱ्या भागात) स्वतःचा कोड घुसवतो, तिथे सुरक्षेची समज लागते. कार्यशाळेत 'असं करायचं, तसं नाही करायचं' एवढंच शिकवलं जाईल. पस्तिशीला आल्यावर हाच माणूस वरच्या कामाला नाकारला जाईल आणि का ते त्याला कळणारही नाही. व्यावसायिक शिक्षण म्हणजे गरिबाच्या मुलाला छोटं स्वप्न, असं होता कामा नये.

---

उभाआडवा

तुम्ही दिलेली तिन्ही उदाहरणं कार्यशाळेतलीच आहेत की. यादी अडखळू द्या, मग दिसणाऱ्या तीस-चाळीस ओळीच पानात ठेवून बाकीच्या गरजेप्रमाणे आणायला लावा. ऑनएररचा हल्ला विद्यार्थ्यालाच स्वतःच्या पानावर करू द्या. टेक्स्टकंटेंट (जे सगळं नुसता मजकूर मानतं) का वापरायचं ते त्यानंतर वेगळं शिकवावं लागणार नाही. सिद्धांत नको असं मी कुठे म्हटलंय? अडल्यावर यावा, एवढंच. छोट्या स्वप्नाचा मुद्दा गंभीर आहे. पुढे पदवीला जाण्याचं दार उघडं नसेल तर हा अभ्यासक्रम मलाही नको.

---

खडूफळा

मी असाच एक अभ्यासक्रम शिकवतो, म्हणून जमिनीवरचं सांगतो. आमच्या प्रश्नपत्रिकेत मजकूर सरकवणाऱ्या मार्की टॅगवर प्रश्न येतो. जो टॅग मानकाने कधीच मोडीत काढलाय, तो. 'एचटीएमएलचे फायदे लिहा, गुण ५.' प्रात्यक्षिकाच्या वहीत कोड पेनाने उतरवायचा आणि आउटपुटचं चित्र काढायचं. ज्या विद्यार्थिनीने फ्लेक्सबॉक्स (मांडणीची आजची पद्धत) वापरून मांडणी केली तिला बाहेरून आलेल्या परीक्षकाने विचारलं, 'टेबल का नाही घेतलं?'

आणि शिकवणार कोण? ज्याला हे काम चांगलं येतं त्याला बाहेर जो पगार मिळतो तो आमच्या संस्थेत कोणी देणार नाही. म्हणून ज्याने कधी खरं संकेतस्थळ चालवलेलं नाही तो स्लाइड वाचून दाखवतो. उभाआडवांची कल्पना कागदावर छान आहे. पण 'शेजारी बसून आईबाप बघ म्हणणारा' माणूस हाच तर दुर्मीळ आहे.

---

चाळणी

भरतीच्या टेबलावरून लिहितोय. मी पदवीही बघत नाही आणि प्रमाणपत्रही. (आमचं एचआर बघतं, आणि तिथेच अर्धे गळतात. तो वेगळा धागा होईल.) मी उमेदवाराला एक मोडकं पान देतो. फॉर्म आहे, चार-पाच दोष मुद्दाम पेरलेले. गुगल, चॅटबॉट, काहीही वापरा म्हणतो. मग नुसता बघत बसतो.

बहुतेक जण कोड वाचण्याआधीच बदलायला लागतात. काही जण अख्खी फाइल चॅटबॉटला देतात. तो तीन दोष काढतो आणि चौथा नवा घालतो, पण यांना तो दिसत नाही कारण पान पुन्हा वापरून बघितलेलंच नसतं. क्वचित एखादा आधी माउस बाजूला ठेवतो, टॅब दाबत फॉर्म भरून बघतो, नेटवर्कच्या खिडकीत विनंती गेली का ते पाहतो, आणि मग कोड उघडतो. त्याला मी घेतो. तो पदवीचा आहे की क्लासचा हे मला आजवर त्या वागण्यावरून ओळखता आलेलं नाही.

तिरकस, तुमचा यंत्राचा मुद्दा म्हणून अर्धाच पटतो. कच्चं पान स्वस्त झालं हे खरं. पण ते बरोबर आहे का हे सांगणारा लागतोच, आणि तो नजर तयार झालेलाच असावा लागतो.

---

रेघोटी

चाळणींच्या मुद्द्याला मराठीतलं उदाहरण जोडते. यंत्राकडून शीर्षकाची स्टाइल मागितली की ते हौसेने लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) घालतं. इंग्रजीत ते शोभून दिसतं. मराठीत शिरोरेखा तुटते आणि शब्द अक्षराअक्षराने सुटा होतो. लाइन-हाइट (ओळीची उंची) १ ठेवून ओव्हरफ्लो (बाहेर जाणारा भाग) लपवला की रफार आणि वेलांट्या छाटल्या जातात. किंवा नावाच्या रकान्यावर मर्यादा घालताना 'लक्ष्मी' हे नाव. आपण दोन अक्षरं मोजतो, जावास्क्रिप्टची लेंग्थ हलन्त, वेलांटी वेगळी मोजून ७ सांगते. कोडमध्ये कुठेही लाल रेघ नाही, सगळे टेस्ट हिरवे, आणि पान वाचवत नाही.

हे ज्याला खटकतं तो शिकलेला. कुठे शिकला याच्याशी मला घेणं नाही.

---

नवशिक्या

मी सध्या अशाच एका कोर्सच्या मध्यावर आहे. वरचं सगळं वाचून घाबरलोय. सोडू का?

---

चाळणी

सोडू नका. कोर्सचे प्रकल्प बाजूला ठेवा आणि कोणाचं तरी खरं पान बनवा, ज्याला ते रोज वापरायचंय. ते स्वस्तातल्या जुन्या मोबाइलवर, मंद नेटवर चालवून बघा. तो माणूस तक्रार करेल. तक्रारी दूर करत जा आणि प्रत्येक बदल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) नीट संदेश लिहून ठेवा. मुलाखतीत मला तो इतिहास दाखवा, होम पेज नको.

---

तिरकस

बरं, मी थोडा मागे येतो, पण पूर्ण नाही. नजर लागते हे मान्य, ती हाताखाली काम करून तयार होते हेही मान्य. पण मग तुम्ही सगळे ज्याची बाजू घेताय ते 'फ्रंट-एंड' उरत नाही. नेटवर्क आलं, सुरक्षा आली, भाषा आली, कायदा आला. उद्या सर्व्हर आणि डेटाबेसही थोडा लागेल, कारण फॉर्म भरून माहिती कुठेतरी जाते. पहिलं वर्ष सगळ्या वेबचं आणि दुसऱ्यात फ्रंट-एंड, असं असेल तर माझा विरोध बराच मावळतो. अठराव्या वर्षीच्या माणसाला निदान बाजूला सरकायला जागा राहते.

उरतो खडूफळांचा प्रश्न. शेवटचे सहा महिने अनुभवी माणसाच्या हाताखाली म्हणताय, ते हात कुठून आणणार? कंपन्यांना शिकाऊ नको असतो, दोन वर्षांचा अनुभव असलेला नवखा हवा असतो.

---

खडूफळा

पहिलं वर्ष सगळ्या वेबचं, याला अनुमोदन. तोंडी परीक्षेऐवजी चाळणींचं मोडकं पान द्यावं, हे मी आमच्या बैठकीत मांडणार आहे. मार्कीवाला प्रश्न निघेल याची मात्र खात्री देत नाही.

---

चाळणी

तिरकस, हाताचं विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या टीममध्ये दोन शिकाऊ सहज बसतील. पण सुरुवातीचे तीन-चार महिने त्यांच्याकडून पूर्ण काम सुटत नाही, आणि सीनियरचा रोजचा तासभर त्यांचा कोड तपासण्यात जातो. ग्राहक तासांवर पैसे देतो. हा तास कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे मला वरच्यांना अजून पटवता आलेलं नाही. कोणाच्या कंपनीत हे जमलं असेल तर कसं बसवलं ते लिहा, मला खरंच हवंय.