‘टाइप मॅच करणे’ – रूपांतर, जुळणी की मेळ?

ऐरोलीकर
संध्याकाळी वागळे इस्टेटजवळ डिप्लोमाच्या मुलांना पायथन शिकवतो. बरीचशी मुलं मराठी शाळांतून आलेली आहेत, म्हणून टिपणं मराठीत काढतोय. आता सी-टाइप्स या पायथनच्या लायब्ररीचा धडा आलाय: सी भाषेत लिहून कंपाइल केलेलं फंक्शन पायथनमधून बोलवायचं. त्यासाठी दोन्हीकडचे डेटा टाइप, म्हणजे मूल्य पूर्णांक आहे, दशांश आहे की मजकूर हे ठरवणारे प्रकार, मॅच व्हावे लागतात. डेटा टाइपला ‘विदाप्रकार’ घेतलाय, पूर्णांक शाळेपासून ओळखीचा आहे, फंक्शन तसंच ठेवलंय. अडलंय ते ‘मॅच करणे’पाशी. एके ठिकाणी ‘प्रकार-रूपांतर’ वाचलं, ते मनाला पटत नाही.

नौपाडा
रूपांतरात काय वावगं आहे? एका भाषेतून दुसरीत गेलं की रूप बदलणारच.

ऐरोलीकर
ताई, ५ चे ५.० केले तर ते रूपांतर, कारण तिथे बिट नव्याने मांडले जातात. इथला प्रश्न त्याच्या आधीचा आहे. सीचं फंक्शन किती बाइट उचलायचे आणि कुठून, हे कंपाइल होतानाच ठरवून बसलेलं असतं. समोरून काय आलं याची ते चौकशी करत नाही. वर्गमूळ काढणारं फंक्शन घ्या. आर्गटाइप्समध्ये (फंक्शनला द्यायच्या मूल्यांचे प्रकार) ‘डबल’, म्हणजे दशांश संख्या, लिहिलं आणि रेस्टाइप (परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार) लिहायचं राहिलं, तर सी-टाइप्स परत येणारी गोष्ट सीचा ‘इंट’, म्हणजे पूर्णांक, आहे असंच धरून चालतं. मग २ चं वर्गमूळ १.४१४ यायच्या जागी भलताच पूर्णांक हाती येतो. ६४-बिट इंटेल मशीनवर खरं उत्तर दशांशांच्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या मूल्य ठेवायच्या जागेत) नीट तयार असतं, आपण बघतो पूर्णांकांच्या रजिस्टरमध्ये. म्हणजे मूल्याचं रूप कुणीच बदललेलं नाही. दोन्ही बाजूंचं एकमत झालेलं नाही, एवढंच. मुलांना ‘रूपांतर’ शिकवलं तर त्यांना वाटेल, संगणक आपणहून काहीतरी बदलून घेईल. नेमकी हीच समजूत घातक आहे.

घोडबंदर
सर, याला पैशांचं उदाहरण द्या, पटकन कळेल. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये रक्कम पुष्कळदा पैशांत ठेवतात. आमच्या बाजूचा ३ कोटींचा फ्लॅट म्हणजे ३,००,००,००,००० पैसे. ३२-बिट पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात, म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. पायथनचा पूर्णांक कितीही मोठा होतो, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत दिसतं. सी-टाइप्समध्ये ‘सी-इंट’ म्हणून तीच रक्कम धाडली की पलीकडे −१,२९,४९,६७,२९६ पोचतात. एरर नाही, इशारा नाही. फ्लॅटची किंमत उणे सव्वा कोटीच्या पुढे!

नौपाडा
पटलं. मग सरळ ‘जुळणी’ म्हणा की.

महापे
जुळणीला माझा विरोध आहे, आणि कारण ठोस आहे. मराठी पुस्तकांत ‘अक्षरजुळणी’ छापलेलं असतं. छापखान्यात टाइप जुळवणे म्हणजे खिळे लावणे. कारखान्यात सुट्या भागांची जुळणी म्हणजे असेंब्ली. ‘प्रकारजुळणी’ वाचून निम्मे लोक दुसरीकडेच जातील.

दुसरं म्हणजे, नावं जुळली म्हणून काम होत नाही. सीचा ‘लाँग’ हा पूर्णांकाचा प्रकार ६४-बिट लिनक्सवर ८ बाइटांचा, ६४-बिट विंडोजवर ४ बाइटांचा. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये ‘इंटिजर’ १६ बिटांचा होता, डॉटनेटमध्ये तोच ३२ बिटांचा झाला. जुन्या डीएलएलमधलं (विंडोजची कंपाइल केलेली फंक्शनं ठेवायची फाइल) फंक्शन बोलवणारं डिक्लेअर विधान तसंच उचलून ‘लाँग’चं ‘लाँग’ ठेवलं की गडबड झालीच, कारण जुना ‘लाँग’ ३२ बिटांचा आणि नवा ६४ बिटांचा.

म्हणून माझं मत ‘मेळ’ला. रोजमेळात शब्द बघत नाहीत, रक्कम बघतात. मेळ बसला, मेळ लागेना, ताळमेळ राहिला नाही, हे सगळं बोलण्यात आहे. ‘प्रकारमेळ’ हे नाम, ‘मेळ बसवणे’ हे क्रियापद आणि मिसमॅचला ‘बेमेळ’. इथे मेळ घालायचा तो तीन गोष्टींचा: बाइट किती, चिन्ह आहे की नाही, आणि मजकूर असेल तर तो संपतो कुठे.

घोडबंदर
चिन्हावरून आठवलं, साइन्ड इंटिजरला ‘स्वाक्षरित पूर्णांक’ म्हटलेलं मी पाहिलंय. कृपा करून ते कुणी घेऊ नका. इथला साइन म्हणजे अधिक-उणेचं चिन्ह. चिन्हयुक्त आणि चिन्हरहित हे शब्द स्वच्छ आहेत.

कोपरखैरणे
मजकूर कुठे संपतो, यावर जरा लिहाल का काका?

महापे
सीमध्ये मजकुराची लांबी वेगळी लिहिलेली नसते. शून्य बाइट आला की मजकूर संपला. आपल्या लिपीत इथे फार जपावं लागतं. ‘ठाणे’ हा शब्द घे. वाचायला अक्षरं दोन. युनिकोडमध्ये चार, कारण काना आणि मात्रा वेगळे मोजतात. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटांत मांडायच्या पद्धतीत, त्या प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे १२, आणि शेवटचा शून्य धरून १३. सीच्या बाजूला कुणी १० बाइटांची जागा ठेवली असेल तर दोन अक्षरी गावसुद्धा बाहेर सांडतं आणि शेजारची मेमरी बिघडवतं. इंग्रजी नावांवर टेस्टिंग झालेलं असलं तर हे लक्षातही येत नाही. मराठी मुलांच्या टिपणात हेच उदाहरण हवं.

ऐरोलीकर
घेतो. ‘प्रकारमेळ’ही घेतो. स्ट्रक्टला, म्हणजे अनेक मूल्यांच्या एकत्र गठ्ठ्याला, ‘रचना’ म्हणतोय. तिच्यातल्या पॅडिंगला, म्हणजे मध्ये सोडलेल्या रिकाम्या बाइटांना, काय म्हणावं?

कोपरखैरणे
‘भराव’ चालेल? आमच्याकडे खाडीकाठी हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे.

महापे
उत्तम आहे. एक ‘कॅर’ (१ बाइटाचं अक्षर) आणि त्यामागे एक ‘इंट’ (४ बाइट) अशी रचना ५ बाइटांची वाटते, पण एरवी ८ भरते. ‘इंट’ला ४ ने भाग जाणारा पत्ता लागतो, म्हणून मध्ये ३ बाइटांचा भराव पडतो. सी-टाइप्सची ‘स्ट्रक्चर’ वापरली तर तो आपोआप धरला जातो. हाताने ५ बाइट बांधून पाठवले तर ‘इंट’ चुकीच्या जागेवरून वाचला जाईल. क्षेत्रांचा, म्हणजे रचनेतल्या एकेका मूल्याचा, क्रमही दोन्हीकडे एकच ठेवायला सांगा.