जाहीर चर्चेत तर्क नेमका कुठे घसरतो, हे ऐकता ऐकता कसं पकडायचं?

प्रश्न: मंगळवारपेठ_कट्टा

कोल्हापुरात वर्षभर तेच तीन-चार वाद फिरून फिरून येतात. शहराची हद्दवाढ (आसपासची गावं महापालिकेत घेणं), उसाचा दर, महापूर आणि कर्नाटकातलं अलमट्टी धरण. शाहू स्मारकातली सभा असो की चॅनेलवरची चर्चा, बोलणारा तयारीचा असेल तर ऐकताना सगळं पटत जातं. काहीतरी चुकतंय एवढं जाणवतं, पण कुठल्या वाक्यात ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

तर्कदोषांच्या याद्या पुष्कळ मिळतात. व्यक्तीवर घसरणं, गर्दीचा दाखला, घसरगुंडी अशी वीस-पंचवीस नावं. ती पाठ करूनही सभेत कामी येत नाहीत, कारण नाव आठवेपर्यंत वक्ता तीन मुद्दे पुढे गेलेला असतो. दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. चूक पकडायची पद्धत काय? आणि उभं राहून विचारायचं तर कसं, म्हणजे वादावादी न होता उत्तर मिळेल? उदाहरणं शक्यतो इथलीच द्यावीत.

प्रतिसाद: व्याप्ती

नावं राहू द्या, आधी जोड शोधा. कुठल्याही मुद्द्यात तीन गोष्टी असतात: म्हणणं काय, ते कशावरून, आणि त्या ‘कशावरून’चा म्हणण्याशी संबंध कसा. पहिल्या दोन बोलल्या जातात. तिसरी क्वचितच कुणी बोलतं, आणि चूक बहुतेक वेळा तिथेच बसलेली असते.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, या तिसऱ्या गोष्टीला व्याप्ती म्हणतात. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, ही व्याप्ती. तीच उलटी करून ‘जिथे आग तिथे धूर’ म्हटलं की मोडते, कारण तापून लाल झालेल्या लोखंडात आग असते, धूर नसतो. धुरासाठी ओलं जळण लागतं. अशा न बोललेल्या अटीला नैयायिकांनी ‘उपाधी’ म्हटलं आहे. सभेत बसून तुम्हाला शोधायचं आहे ते हे ओलं जळण.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा. डावीकडे दावा, मधे आधार, उजवा रकाना रिकामा. सगळं भाषण उतरवू नका. ज्यावर वक्त्याचं बोलणं उभं आहे असे दोनच मुद्दे लिहा. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘याचा अर्थ’, ‘साहजिकच’ हे शब्द आले की पेन चालवा, जोड त्यांच्याच शेजारी असते. ‘साहजिकच’ऐवजी कारण द्यायला हवं होतं, असं अनेकदा आढळेल. मग उजव्या रकान्यात स्वतः वाक्य पुरं करा: ‘जिथे जिथे अमुक आधार, तिथे तिथे तमुक दावा.’ वाचताक्षणी अपवाद सुचला तर जोड कच्ची आहे.

हद्दवाढ घ्या. महापालिका १९७२ साली झाली आणि तेव्हापासून हद्द तीच आहे. समर्थक म्हणतात, हद्द वाढली नाही म्हणून विकास खुंटला. उजव्या रकान्यात येईल: ‘हद्द न वाढलेली शहरं खुंटतात, वाढलेली खुंटत नाहीत.’ आता खरे प्रश्न सुचतात. विकास म्हणून काय मोजलं? जिथे हद्द वाढली तिथे सामील गावांना नळाचं पाणी किती वर्षांनी आलं?

विरोधक म्हणतात, हद्दवाढ झाली की घरफाळा वाढणार, मग शेतीवर आरक्षणं पडणार, मग जमिनी बिल्डरच्या घशात जाणार. ही घसरगुंडी खरी, पण घसरगुंडी म्हणजे खोटंच असं नाही. पायरी पायरीनं तपासा. कराची पायरी बळकट आहे. आरक्षणाची पायरी विकास आराखड्यावर ठरते, आणि प्रारूप आराखडा जाहीर करून हरकती मागवाव्या लागतात. तिसरी पायरी मालकानं जमीन विकण्यावर आहे. एकेक पायरी ओलांडली जाण्याची शक्यता ७० टक्के धरली तरी तिन्ही ओलांडल्या जाण्याची शक्यता ३४ टक्केच उरते. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र शेवटची पायरी आधी उभी राहते.

प्रतिसाद: ऊसपट्टा

ऊसदराच्या वादात तर्क चुकतो त्याहून जास्त वेळा शब्द घसरतो. दोन्ही बाजू ‘एफआरपी’ (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) म्हणतात आणि दोघांच्या मनात वेगळी रक्कम असते.

२०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) दर टनाला ३,५५० रुपये. वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४.६० रुपये वाढतात. उतारा १२ टक्के असेल तर १.७५ टक्के जादा, म्हणजे साधारण ६०५ रुपये, एकूण ४,१५५. पण हा दर कारखान्याच्या दारातला. तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते. हिशेबासाठी ती ९०० रुपये धरली तर हातात ३,२५५ येतील. कारखानदार ‘पूर्ण एफआरपी दिली’ म्हणतो तेव्हा तो ४,१५५ म्हणतोय. शेतकरी ‘मिळाली नाही’ म्हणतो तेव्हा तो खात्यावर जमा झालेला आकडा बघतोय. कुणीच खोटं बोलत नाही आणि वाद मिटतही नाही.

जुन्या तर्कशास्त्रात याला वाक्छल म्हणतात. ‘नवकंबल’ या शब्दाचं उदाहरण प्रसिद्ध आहे: एक म्हणतो याच्याकडे नवं कांबळं आहे, दुसरा म्हणतो नऊ कुठं आहेत, एकच तर दिसतंय.

म्हणून ऊस परिषदेचं भाषण ऐकताना प्रत्येक आकड्यापुढे चार गोष्टी लिहा: कुठल्या हंगामाचा, कुठल्या उताऱ्यावर, वजावटीआधीचा की नंतरचा, आणि एकरकमी की हप्त्यानं. उताऱ्यातही गोम आहे, मागच्या हंगामाचा की चालू, यावर रक्कम बदलते. चारांपैकी एक जरी रिकामं राहिलं तर दोन वक्त्यांच्या आकड्यांची तुलना करू नका. कायदा मात्र स्पष्ट आहे: १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. ‘साखरेला भाव नाही म्हणून थांबलंय’ हे थांबण्याचं कारण असेल, पण देणं लागत नाही याचा तो पुरावा नव्हे.

प्रतिसाद: मंगळवारपेठ_कट्टा

तीन रकान्यांची पद्धत वापरून बघतो. महापुराबद्दल कुणी सांगेल का? तिथे दोन्हीकडून आकडे फेकले जातात. आणि चॅनेलवाले चार पूरग्रस्तांना बोलतं करतात आणि ‘शिरोळचं मत’ ठरवतात, त्याचं काय?

प्रतिसाद: बंधारा_४३

चार माणसांचं आधी. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. रस्त्यावर उभा राहून बोलायला तयार झालेला माणूस हे तसं शीत नव्हे. ज्याचं घर पाण्यात आहे तो निवारा केंद्रात असेल, ज्याचं वाचलं तो कामावर. किती लोक विचारले यापेक्षा कसे निवडले ते बघा.

आता आकडे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हे फूट बंधाऱ्याच्या मोजपट्टीवरचे. अलमट्टीची ५१९.६० मीटर ही पातळी समुद्रसपाटीपासूनची, आणि वाढवून करायची ५२४.२५६ मीटरही तशीच. मोजपट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हे न सांगता जो या दोन आकड्यांची सांगड घालतो, त्याच्या वाक्याला अर्थच नाही.

क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) हा प्रवाहाचा वेग, टीएमसी (एक अब्ज घनफूट) हा साठा. ११,५७४ क्युसेक २४ तास वाहिले की १ टीएमसी होतो. १ लाख क्युसेक दिवसभर सोडले तर ८.६४ टीएमसी, म्हणजे राधानगरी धरण (८.३६ टीएमसी) भरून वर थोडं. ‘एवढे लाख सोडले’ ऐकलं की पुढचा प्रश्न: किती तास?

‘राधानगरीचे दरवाजे उघडले म्हणून पूर आला’ हे दरवर्षी ऐकू येतं. ते सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, पाण्याची पातळी ठरावीक उंचीवर गेली की आपोआप उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, सातांतून जवळपास १०,०००. त्यांचं पाणी पुरात भर घालतं हे खरं. पण दरवाजे उघडणं आणि नदी चढणं या दोन्हींच्या मागे एकच पाऊस आहे, आणि कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांचं पाणी राधानगरीतून येतच नाही.

अलमट्टीचं काम २००५ साली पुरं झालं आणि त्याच वर्षी महापूर आला, हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल. कावळ्याच्या वजनानंच तुटली, असंही असेल. नुसत्या एका वर्षावरून दोन्हींपैकी काही ठरत नाही. ठरवायला चार नोंदी तासागणिक लागतात: अलमट्टीची पातळी, तिथली आवक, तिथला विसर्ग, आणि मधल्या प्रत्येक ठिकाणची नदीची पातळी. धरणात अडलेल्या पाण्याचा फुगवटा नदीतून मागे वर येत असेल तर चढ आधी खालच्या ठिकाणी दिसेल आणि मग वर सरकेल. पाऊस वरून येत असेल तर उलट. नोंदी न दाखवता ‘अलमट्टीच’ म्हणणारा आणि ‘अलमट्टीचा काही संबंध नाही’ म्हणणारा, दोघांनाही हाच प्रश्न विचारा. ‘अलमट्टी की पूररेषेतली बांधकामं’ असा पर्यायच मुळात चुकीचा मांडलेला आहे, दोन्ही एका वेळी खरं असू शकतं.

शेवटचं आणि सगळ्यात घातक. लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या. यावरून ‘येऊन गेला, आता शंभर वर्षं बघायला नको’ असं लोक घर बांधताना म्हणतात. नदी हिशेब ठेवत नाही. लाल रेषेशी दर वर्षी शक्यता १ टक्का, गेल्या वर्षी काहीही झालेलं असो. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती किमान एकदा गाठली जाण्याची शक्यता २६ टक्के. निळ्या रेषेला हीच शक्यता ७१ टक्के. हा हिशेब पाऊसमान पूर्वीसारखंच राहील असं धरून आहे.

प्रतिसाद: दुसरी_बाजू

विचारायचं कसं, यावर.

दोषाचं नाव घेऊ नका. ‘हा तुमचा तर्कदोष आहे’ म्हटलं की समोरचा मुद्दा सोडून स्वतःला सांभाळायला लागतो आणि सभागृह त्याच्या बाजूला जातं. आधी त्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत सांगा, ‘बरोबर ना?’ म्हणून होकार घ्या, मग जोडीवर एकच प्रश्न. ‘साहेब, हद्द वाढली नाही म्हणून विकास खुंटला असं आपलं म्हणणं. खुंटला हे कशावरून मोजलं?’ एवढंच. दोन प्रश्न एकत्र विचारलेत तर तो सोप्याचं उत्तर देऊन खाली बसवतो.

आपल्याच बाजूच्या वक्त्यालाही हे लावून बघा. आपला तो बाब्या होतो तो इथेच. तर्कदोषांची यादी फक्त विरोधकावर चालवली तर ती शिव्यांची यादी होते. आणि मुद्दा मोडला म्हणजे निष्कर्ष मोडला असं धरू नका. हद्दवाढीसाठी वाईट युक्तिवाद केला म्हणून हद्दवाढ वाईट ठरत नाही.

वितंडा हा शब्द आपण कुठल्याही भांडणाला वापरतो. मूळ अर्थ बारीक आहे: स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची खोडत राहणं. अशा वक्त्याला एकच विचारावं, ‘मग आपल्या मते काय करावं?’

‘हिंमत असेल तर बिंदू चौकात या’ हे इथलं ठरलेलं आव्हान. चौकात या जरूर, पण आलात म्हणून आकडा खरा होत नाही आणि न आल्यानं खोटा होत नाही. ‘सरपंचपद जाईल म्हणून विरोध करताय’ हेही तसंच. हेतू कळला तर साक्षीदार किती विश्वासाचा ते कळतं, कागदावरचा हिशेब बदलत नाही. तो माणूस ‘मी सांगतो म्हणून’ एवढ्यावर बोलत असेल तेव्हा मात्र हेतू विचारणं रास्त आहे.

अध्यक्ष वेळ देत नसतील तर चिठ्ठी पाठवा. वक्त्याचं वाक्य जसंच्या तसं, खाली एक प्रश्न, एकूण तीन ओळी. लांब चिठ्ठी वाचली जात नाही, आणि वाक्य बदलून लिहिलेली चिठ्ठी ‘मी असं म्हणालोच नाही’ म्हणून परत येते.