पिन दिला १ रुपयासाठी, मग पुढचे ४९९ न विचारता कसे गेले?

हिशेबवही:
चाचणी म्हणून १ रुपयाला सुरू होणाऱ्या ॲपसाठी एकदा यूपीआय पिन टाकला की आठवड्याभराने ४९९ रुपये परस्पर कापले जातात. ॲप काढून टाकलं तरी पुढच्या महिन्यात परत तेच. भाजीवाल्याला २० रुपये द्यायला पिन लागतो (यूपीआय लाइट नसेल तर), मग इथे का नाही? खात्यात पैसेच ठेवले नाहीत तर?

आडवाउभा:
तो पिन १ रुपयासाठी नव्हताच, ऑटोपेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळी पैसे आपोआप कापण्याच्या परवानगीसाठी होता. पिनच्या आधी जो स्क्रीन येतो त्यावर सगळं लिहिलेलं असतं: आज किती, जास्तीत जास्त किती, किती दिवसांनी, कधीपर्यंत. '१ रुपया' ठळक आणि 'कमाल १,९९९' बारीक अक्षरात. तुम्ही होकार देता तो त्या बारीक आकड्याला.

पुढे रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० रुपयांपर्यंतच्या वसुलीला पुन्हा पिन किंवा ओटीपी लागत नाही. म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना ही मर्यादा १ लाख. कापण्याच्या निदान २४ तास आधी सूचना यायलाच हवी, पण जाहिरातींच्या ढिगात ती कोण वाचतं? फास्टॅगच्या आपोआप रिचार्जला तर तीही सक्तीची नाही.

ॲप काढल्याने काही होत नाही, कारण परवानगी त्या ॲपमध्ये नसतेच. ज्या यूपीआय ॲपमधून ती दिली तिथे प्रोफाइल, मग ऑटोपे, त्यात चालू असलेली नोंद उघडून रद्द करा. वसुलीच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका. कार्डावरून दिली असेल तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये शोधा.

कोरा_चेक:
खातं रिकामं ठेवायचा विचार सोडा. यूपीआय ऑटोपेत एक वसुली फसली तर आणखी ३ प्रयत्न होऊ शकतात. ऑगस्ट २०२५ पासून ते सकाळी १० च्या आत, दुपारी १ ते ५ किंवा रात्री साडेनऊनंतरच होतात, एवढाच फरक. ई-नॅच (बँक खात्यातून थेट हप्ता कापण्याची व्यवस्था) असेल तर परत गेलेल्या प्रत्येक हप्त्याला बँक वर दंड लावते. आणि कर्जाच्या हप्त्याचा मँडेट, म्हणजे कापण्याची परवानगी, रद्द केला म्हणजे कर्ज फिटत नाही, हे वेगळं सांगायला नको.

हिशेबवही:
परवानगी दिलीच नसेल तर बँक पैसे देते ना?

आडवाउभा:
चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराची तक्रार ३ कामकाजाच्या दिवसांत केली तर तुमच्यावर भार शून्य. बँकेने १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते. सोबत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मात्र पिन तुम्हीच टाकलेला असेल तर बँक 'अधिकृत व्यवहार' म्हणून हात वर करते. तिथे परतावा मागायचा तो ॲपवाल्याकडे, आणि तोही लेखी.