साडेसात महिन्यांचा मुलगा सगळं तोंडात घालतो, सासूबाई सगळं काढून घेतात. मदत हवी आहे

मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, थोडं लांबलंय.

मुलाचं उष्टावण होऊन दीड महिना झाला, खालचे दोन दात नुकतेच दिसायला लागलेत. हाताला लागेल ते तोंडात जातं. दुपट्याचं टोक, माझी ओढणी, टीव्हीचा रिमोट, खुर्चीचा पाय. पुढच्या महिन्यापासून मला ऑफिस आहे, दिवसभर तो सासूबाईंकडे असेल. त्यांचा जीव आहे त्याच्यावर. पण हात तोंडाकडे गेला की "छी छी" म्हणून वस्तू काढून घेतात. जंत होतील, अंगठा चोखायची सवय लागेल ही भीती. तो रडतो, त्या दमतात.

मला मात्र त्याला पूर्ण अडवावंसं वाटत नाही. परवा पोळ्या करताना त्याच्यापुढे लाकडी चमचा आणि स्टीलची वाटी ठेवली. चमचा हिरडीवर घासला, बाहेर काढून निरखला, उलटा केला आणि दांड्याकडचं टोक तोंडात घातलं. मग वाटीची कड. ती गार लागली असणार, कारण एकदम थबकला, भुवया वर गेल्या. पुन्हा तीच कड, या वेळी हळूच, नुसती जीभ लावून. लसीच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते की या वयात बोटांपेक्षा ओठ आणि जीभ जास्त तरबेज असतात. मऊ की कडक, गार की कोमट हे तो तिथेच ठरवतो. तेव्हा मान डोलावली, समजलं परवा.

आता मंगळवारचं सांगते. बारशापासून हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या होत्या, सासूबाईंनीच हौसेने आणलेल्या. लाळेने दोरा कुजला आणि तुटला. एक मणी जिभेवर दिसला म्हणून काढता आला. मुळात किती होते ते कुणालाच माहीत नाही. दोन दिवस मी त्याची शी तपासत होते. तेव्हापासून सासूबाई आणखी धास्तावल्यात, आणि खरं सांगते, मीही.

त्याला नक्की काय द्यावं, काय अजिबात नको, आणि त्यांचं मन न दुखावता हे कसं सांगावं?

प्रतिसाद १

अगं, मी आजीच्या बाजूने लिहिते. नात दोन वर्षांची आहे. सूनबाईने मला नुसतं "चोखू द्या" म्हटलं असतं तर पटलं नसतं. तिने एक वेताची टोपली भरून दिली आणि म्हणाली, आई, यातलं काहीही तिने तोंडात घातलं तरी चालेल. मऊ रबरी चोखणी, स्टीलचा पेला, न रंगवलेला लाकडी चमचा, ओला करून फ्रिजमध्ये गार केलेला मलमलचा रुमाल. रोज साबणाने धुवायचं, बस. माझा जीव भांड्यात पडला, दिवसभर नाही म्हणणं थांबलं. सासूबाईंना टोपली भरायला सोबत घे.

प्रतिसाद २

ताई, रिमोट आजच उचलून ठेवा. त्यात किंवा खेळण्यात बटणासारखी चपटी बॅटरी असेल आणि ती गिळली गेली, तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल, वाट बघायची नाही.

टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळकांड्यातून जे आरपार जातं ते त्याच्या हाती नको. हिरड्या बधिर करणारं जेल नको. चोखणीला मध लावून तर मुळीच नको, वर्षाच्या आत मध द्यायचाच नसतो.

मनगट्यांऐवजी तळपायाला तीट लावतात, तेही टाळा. या वयात पायाचा अंगठाही तोंडात जातो, आणि बाजारातल्या काही काजळांत शिसं सापडतं.

घासाने उबळ येणं वेगळं, घशात अडकून गुदमरणं वेगळं. उबळीत मूल खोकतं, लाल होतं, बहुतेक वेळा स्वतःच बाहेर काढतं. आवाजच बंद झाला तर हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब, मग परत थापा. दुसऱ्या कुणाला तरी लगेच रुग्णवाहिका बोलवायला लावा. वस्तू दिसत नसेल तर घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. हे सासूबाईंना डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकवून घ्या, फोनवर व्हिडिओ दाखवून नको.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मनगट्या काढल्या, शनिवारी सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे जातेय.

काल टोपली भरायला बसलो. त्यांनी माळ्यावरच्या पेटीतून यांची लहानपणची लाकडी चोखणी काढली. सदतीस वर्षं जपलेली, लाल-हिरव्या रंगाची. पदराने पुसून स्वतःच टोपलीत ठेवली. एका बाजूने रंगाचे पोपडे सुटलेत. आता हिला नको कसं म्हणू?