नांदूरमध्यमेश्वर: दोनदा गेलो, दोन्हीदा नुसते वारकरीच. चुकतंय कुठे?

कांदेनवमी:
नमस्कार मंडळी, पंचवटीतून लिहितेय. डिसेंबरात लागोपाठ दोन रविवार वडिलांना घेऊन नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेले. वडील एसटीत ड्रायव्हर होते, आता बहात्तर वर्षांचे. गुडघे कुरकुरतात, पण गाडीत पुढच्या सीटवरून मला ब्रेक कुठे मारायचा ते सांगण्याची हौस गेलेली नाही. चांदोरीवरून सायखेडा, करंजगाव करत पोचेपर्यंत नऊ वाजले. पाणी काठोकाठ, मनोऱ्यावर सहली, आणि उसन्या दुर्बिणीत काळे ठिपकेच ठिपके. गाइड पोरगा म्हणाला, वारकरी. दुसऱ्या रविवारीही तेच. वडील म्हणाले, "वारकरीच बघायचे होते तर निवृत्तिनाथांची पालखी नाशकातूनच जाते की."

निघताना गवताचा भारा घेऊन चाललेल्या एक आजी म्हणाल्या, "आवर्तन सुटलंय बाई, आत्ता काय दिसायचं?" आवर्तनाचा, म्हणजे कालव्याला सोडलेल्या पाण्याचा, आणि पक्ष्यांचा काय संबंध? आणखी एक, रस्त्याकडेच्या हरभऱ्यात भगव्या-तांबूस रंगाचे दोन मोठे पक्षी निवांत चरत होते. बदकासारखे, पण बदक शेतात कशाला येईल?

थडीवरचा:
ताई, माझं रान पाण्याला लागून आहे म्हणून सांगतो. त्या आजींना सगळं कळतं.

हा इंग्रजांच्या काळातला बंधारा. गोदावरी आणि कादवा दोघी मिळून शंभर वर्षं त्यात गाळ टाकतायत. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात तो गाळ तोट्याचा, पण पक्षी आले ते त्याच्यामुळेच. थापट्या, तलवार बदक ही बदकं काही बुडी मारून खाणारी जात नव्हे. डोकं खाली, शेपूट वर, मान पोचेल तेवढ्याच पाण्यातलं खातात. वरच्या धरणांतून रब्बीचं आवर्तन सुटलं की कालव्यांना पाणी चढावं म्हणून बंधारा भरून घेतात. चिखलाचे पट्टे बुडतात. मग चिखलात चरणारे शेकाटे, तुतारी, पाणटिवळे बसणार कुठे? वारकऱ्याला बुडी मारता येते, त्याचं भागतं. आवर्तन बंद होऊन आठ-दहा दिवस गेले, काठ उघडा पडला, की या. तारीख कालव्यावरच्या कोणालाही विचारा. पोराचा वाढदिवस आठवणार नाही त्याला, आवर्तन आठवेल.

आणि नऊला कसलं येता? आम्हाला पंपाला बऱ्याचदा रात्रीची लाईट. मागच्या आठवड्यात पहाटे साडेचारला गव्हाला दारं धरत होतो. बॅटरी काखेत, पाय गारठून लाकूड झालेले. सारा भरत आला, दुसरं दारं फोडायला वाकलो आणि डोक्यावरून आवाज गेला, नाकातून बोलल्यासारखा, आँग-आँग. पट्टकादंब हंस. रात्रभर रानात चरून पाण्याकडे निघालेले. दिसत काही नाही, नुसती पंखांची फडफड अंधारातून सरकत जाते. निफाडजवळच्या कुंदेवाडीचा पारा तुम्ही पेपरात वाचता, आमच्या तो पायाला कळतो.

तुमचे भगवे पाहुणे म्हणजे चक्रवाक. जोडीने असतात आणि बदक असून खुशाल रानात चरतात. नराच्या मानेला काळी कंठी असते, पण हिवाळ्यात ती पुसट.

आमचं नुकसान होतं का? होतं. क्रौंच हरभऱ्यात उतरले की घाटे मोजायची गरज राहत नाही. पण गेल्या वर्षी एक कॅमेरावाला फोटोसाठी नुकत्याच भरलेल्या गव्हात शिरला, नळकांडं डोक्यावर धरून गुडघाभर रुतला. त्याचा एक बूट अजून माझ्या बांधावर आहे. ओळखीचा असेल तर सांगा, येऊन घेऊन जाऊ दे.

उजनीकाठ:
एवढी यातायात कशाला? भिगवणला या, कुंभारगावात नावेत बसा, रोहित पक्षी बघा, वर चिलापीचं कालवण.

जुनी दुर्बीण:
कालवणाबद्दल दुमत नाही. पण रामसरच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत महाराष्ट्रातून पहिलं नाव लागलं ते नांदूरमध्यमेश्वरचं, २०२० साली. आणि कांदेनवमी, वारकऱ्यांना 'नुसते' म्हणू नका. ते बदकही नव्हेत, पाणकोंबडीच्या नात्यातले. पायाला सलग पडदा नसतो, एकेका बोटाला झालरी असतात.

पुढच्या वेळी त्यांच्या थव्यावरच नजर ठेवा. पांगून चरत असलेले एकदम गोळा होऊ लागले, पाणी उडवायला लागले, की मान वर करा. घारीएवढा तपकिरी पक्षी पंख किंचित उचलून लव्हाळ्यावरून अगदी खालून तरंगत येत असेल. तो दलदली भोवत्या. घोळक्यावर तो सहसा झडप घालत नाही, फेऱ्या मारतो आणि मागे राहिलेला एखादा हेरतो. मी एकदा पाऊण तास बघत उभा होतो. शेवटी हात हलवत गेला. घरून आणलेला चहा गार झाला तो वेगळाच.

कांदेनवमी:
काल जाऊन आलो! मंगळवार, आवर्तन बंद होऊन अकरावा दिवस. साडेसहाला गेटवर. धुक्यात आधी काहीच दिसेना, नुसता कलकलाट ऐकू येत होता. ऊन आल्यावर काठचा चिखल शेकाट्यांनी भरलेला, लांब लाल पाय. थापट्यांची चोच म्हणजे अगदी उलथनं. वडील मनोऱ्यावर चढलेच नाहीत, खाली खुर्ची टाकून, कानटोपी घालून बसले. अर्ध्या तासाने तिथूनच ओरडले, "गोळा व्हायला लागले गं!"

भोवत्या मला पाठमोराच दिसला. त्यांना समोरून दिसला, आणि काल रात्रीपासून घरात येईल त्याला ते सांगतायत.

थडीवरचे दादा, बूट कितव्या नंबरचा आहे? वडील विचारतायत.