मदत हवी आहे: १९२३ ची कौन्सिलची निवडणूक आणि आमच्या घरातली वाटणी (सातारा जिल्हा)

नमस्कार मंडळी, आमचं मूळ गाव कोरेगाव तालुक्यात. माझे पणजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ (घरात सगळे त्यांना दादाच म्हणायचे) शके १८४५ मध्ये (म्हणजे १९२३-२४) वेगळे निघाले, आणि कारण मुंबई कौन्सिलची (तेव्हाचं प्रांताचं कायदेमंडळ) निवडणूक असं आज्जी सांगायची.

दादा सत्यशोधक, घरातली लग्नं भटजीशिवाय लावलेली, 'विजयी मराठा' हे ब्राह्मणेतर चळवळीचं वर्तमानपत्र वाचायचे, ब्राह्मणेतर पक्षाचं काम करायचे. पणजोबा शिकायला साताऱ्यात राहिलेले, टिळकांना मानणारे, 'केसरी' वाचणारे. १९२० ला काँग्रेसचा बहिष्कारच होता त्यामुळे दादा मत देऊन आले तरी पणजोबा गप्प बसले, पण १९२३ ला काँग्रेसमधल्याच लोकांचा स्वराज्य पक्ष निवडणुकीत उतरला आणि घरात पेटलं. मत एकच होतं ना, दादांच्या नावावरचं! घराचं मत मला न विचारता कसं दिलंस, यावरून जे झालं ते वाटणीपर्यंत गेलं. सोप्याच्या मधोमध भिंत घातली. जातं दादांच्या बाजूला गेलं, तर पणजी पहाटे परसातून तिकडे जायची, दोघी जावा ओव्या म्हणत दळायच्या आणि भाऊ भाऊ मात्र नऊ वर्षं बोलले नाहीत.

आता माझी अडचण. गावाकडे मतदार व्हायला ३२ रुपये शेतसारा लागायचा. आमचा एकत्र सारा ४६ रुपये होता, जुनी पावती आहे माझ्याकडे. वाटणीनंतर २३-२३. म्हणजे मतावरून भांडून दोघांचंही मत गेलं की काय? एकत्र कुटुंबात कर्त्यालाच मतदार धरायचे का, की सामायिक खातेदाराचंही नाव यादीत यायचं? १९२३ ची तालुकावार मतदारयादी कुणी पुणे पुराभिलेखागारात किंवा मुंबईत पाहिली असेल तर कुठल्या दप्तरात मागायची ते प्लीज सांगा. आणि त्या काळचा फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद) तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळतो का, अर्जात गट नंबर चालतो की जुना सर्व्हे नंबरच लागतो?

घाई एवढ्यासाठी की दादांचे नातू, आमचे काका, ८६ वर्षांचे आहेत. ते म्हणतात निवडणूकबिवडणूक काही नाही, विहिरीच्या पाळीवरून झालं. मला ते असतानाच त्यांच्यापुढे कागद ठेवायचाय.

खाली दादांनी पणजोबांना लिहिलेल्या मोडी पत्राचा फोटो टाकलाय, मार्गशीर्ष शके १८४५ चं. मी मोडी नुकतीच शिकतेय. चौथ्या ओळीत 'मत' स्पष्ट वाचता येतंय, पुढे कागदाची घडी आलीय आणि तिथे 'दिले' आहे की 'दिले नाही' ते काही केल्या लागत नाहीये. जाणकारांनी तेवढं तरी बघा ना.